फळ्यावर न आलेली म्हैस

कोल्हापुरात तालीम म्हटलं की बाहेरच्या माणसाला लाल माती आणि लंगोट आठवतो. आमच्या वाघजाई तालमीत माती आहे अजून, पण तिच्यात आता बोळातली मांजरं लोळतात. आमची तालीम चालते ती बाहेरच्या फळ्यावर. भिंतीतच बसवलेला सिमेंटचा फळा, काळा रंग दिलेला, वर पावसासाठी पत्रा. पेठेत कोण वारलं, कुणाचं पोरगं पोलिसात भरती झालं, कुठल्या नगरसेवकानं गटारीचा शब्द देऊन तोंड लपवलं, सगळं फळ्यावर. येणारा-जाणारा सायकल थांबवून वाचणार, दोन शिव्या हासडणार आणि पुढं जाणार. मिसरूड फुटल्यापासून हा फळा मी लिहिला. मी जोतीराम. उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर होतो, ओतकामाचे वाळूचे साचे करायचो. दिवसभर काळी वाळू, संध्याकाळी पांढरा खडू. माझं अक्षर बघायला दुसऱ्या पेठेतनं माणसं यायची. विचारा कुणालाबी.

ही गोष्ट मात्र माझी नव्हे, हंबीररावाच्या वर्षाराणीची. मी मधे मधे तडमडणार, त्याला इलाज नाही.

हंबीरराव माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. तरणा होता तेव्हा पैलवान, नंतर म्हशी. सकाळ-संध्याकाळ म्हशी तालमीपुढच्या कट्ट्यावर आणायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा, हा त्याचा धंदा. आवाज असा की बोळाच्या या टोकाला बोलला तर त्या टोकाचं पाळण्यातलं पोर जागं व्हायचं. बायको बनाबाई शांत. आणि एकुलती एक लेक, वर्षाराणी.

पोरगी लहानपणापासून माझ्या पायात. मी फळा लिहायला लागलो की ही खडूचा डबा धरून उभी. आठवीत गेली तेव्हा माझा खांदा फौंड्रीनं खाल्ला होता, हात वर जाईना. मी म्हटलं, चढ स्टुलावर, मी सांगतो तसं लिही. झालं, बोंब उठली. तालमीचा अध्यक्ष सयाजी तणतणत आला, "पोरगी तालमीच्या फळ्याला हात लावती?" मी म्हटलं, "मग तू लिव." सयाजीचं अक्षर म्हणजे कोंबडी उकिरड्यावरनं चालत गेल्यासारखं. तो आला तसा मागं फिरला. तेव्हापासून फळा वर्षाराणीचा.

मी तिला रीत शिकवली. फळ्यावर आपण नसायचं. कुणी लिहिलं ते कळता कामा नये. आपलं दुःख, आपला राग, आपलं घरचं काही नाही. जे काय असेल ते तालमीतर्फे, मोजक्या शब्दांत, मानानं. शेवटी शुभेच्छुक, आणि शुभेच्छुकांत वडीलधारं माणूस आधी. एका म्हाताऱ्याचं नाव खाली गेलं म्हणून आमच्याकडं एकदा गणपतीची वर्गणी अडली होती. पोरीनं हे सगळं असं उचललं की पुढं पुढं मी नुसता कट्ट्यावर बसायचो आणि चहा प्यायचो.

आता मुद्द्यावर येतो. दोन हजार सातची गोष्ट. वर्षाराणी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय भूगोल. दोन हजार पाचच्या महापुरानंतर तिच्या डोक्यात नदीच बसली होती. पुण्यातली एक संस्था उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजच्या पोरांना आसामात न्यायची, ब्रह्मपुत्रेच्या काठावर. महिनाभर तिथल्या गावांत राहायचं, नदी काठ कसा खाते ते मोजायचं, माणसांशी बोलायचं. सगळा खर्च संस्थेचा. वर्षाराणीनं अर्ज केला आणि मुलाखतीत पासही झाली. पण गंमत अशी की त्यांनी चौदा पोरं निवडली होती, आणि त्यातली निम्मीच जाणार होती.

ती निम्मी कशी निवडायची? तर ब्लॉगवरनं. तेव्हा मला ब्लॉग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, त्यामुळं तुम्हालाही सांगतो. कॉम्प्युटरवर आपल्या नावाची एक जागा असते. तिथं आपण लिहायचं, आणि ते जगात कुठंही बसलेल्या माणसाला वाचता येतं. वाचणारा खाली आपलं मत टाकतो. आसामात गेल्यावर प्रत्येकाला रोज असं लिहावं लागणार होतं. म्हणून संस्थेच्या प्रेरणा मॅडमनी सांगितलं, फेब्रुवारीपासून प्रत्येकानं आपापल्या गावच्या पाण्याबद्दल ब्लॉग लिहायचा. ज्याला बघता येतं आणि सांगता येतं, तो जाईल.

हंबीररावानं हे अर्धंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर धार काढता काढता गिऱ्हाइकांना सांगतोय, "आमची राणी आसामाला निघाली." मी म्हटलं, "अरं बाबा, ठरलं न्हाय अजून." तर म्हणतो, "ठरंल की. त्यात काय." झालं, पेठभर बातमी. भाजीवालीसुद्धा वर्षाराणीला विचारायला लागली, तिकडं थंडी असती काय गं? पोरगी कानकोंडी व्हायची. तिला जायचं किती होतं ते मी बघत होतो. गोठ्यात वैरणीच्या वर भिंतीला तिनं ब्रह्मपुत्रेचा नकाशा चिकटवला होता. शेण काढताना बेटांची नावं पाठ करायची.

घरी कॉम्प्युटर कुणाकडं? तालमीच्या मागं शिवप्रसादचं नेट कॅफे होतं, तिथं जायला लागायचं. शिवप्रसाद गडहिंग्लजकडचा, लिंगायताचा, आईशी फोनवर कानडीत बोलणार आणि गिऱ्हाइकाशी मराठीत भांडणार. पोरगा चोख. बनाबाई म्हणाली, "भावजी, संध्याकाळचं तेवढं तिच्यासंगं बसत जावा." मग मी पण जायला लागलो. खांदा दुखत होता, दुसरं काम तरी काय होतं.

पहिल्या दिवशी वर्षाराणीनं मराठी टाइप केलं तर पडद्यावर नुसते चौकोन. ओळीच्या ओळी चौकोन. मी म्हटलं, "हे आसामी हाय काय?" शिवप्रसादनं कपाळाला हात लावला, कुठली तरी सीडी घालून काहीतरी केलं आणि चौकोनांची अक्षरं झाली. मग इंग्रजी कळा दाबून मराठी उमटवायचं शिक, पासवर्ड ठेव, ब्लॉगला नाव दे, फोटो चढव. त्यात भारनियमन. एकदा दीड तास खपून लिहिलेलं दिवे गेल्याबरोबर गडप झालं. पोरगी रडली नाही. "परत लिवतो," म्हणाली आणि बसून राहिली. आमच्याकडं पोरीबी येतो-जातोच म्हणतात, पावणं, दचकू नका. महिन्याभरात ती अशी तयार झाली की शिवप्रसाद बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगायचा, जावा, तिला विचारा.

आणि मग तिचा पहिला लेख लागला. मी पडद्याजवळ नाक नेऊन वाचला. "सर्व नागरिक बंधू-भगिनींना कळविण्यात येते की, आपल्या पंचगंगा नदीस पावसाळ्यात पूर येतो. तरी सर्वांनी योग्य ती दक्षता घ्यावी. महापुरात बहुमोल सहकार्य करणाऱ्या सर्व ज्ञात-अज्ञात हातांचे मनःपूर्वक आभार. वाघजाई तालीम मंडळ." आणि खाली शुभेच्छुक. सयाजीपासून सुरुवात करून पेठेतली झाडून सगळी नावं, वयाप्रमाणं. माझं नाव बरोब्बर जागेवर. एकाचाही मान चुकला नव्हता. मला तर ऊर भरून आला. म्हटलं, ही पोरगी आपल्या तालमीचं नाव पार जगात नेणार.

दोन दिवसांनी खाली मॅडमचं मत आलं. "वर्षाराणी, निवेदन नीटनेटकं आहे. पण हे तू लिहिलंस की मंडळानं? तू कुठे आहेस यात?"

मी म्हटलं, "बाईला रीतभात कळत न्हाय. तू लिव आपलं." तिनं दुसरा लिहिला, राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीवर. तिसरा, शिवाजी पुलाच्या माशासारख्या दगडांना पाणी लागलं की पेठेतली माणसं 'मच्छिंद्री झाली' म्हणतात आणि सामान बांधायला लागतात, त्यावर. माहिती चोख, कुठं बोट ठेवायला जागा नाही. पण सगळं फळ्यासारखंच. "कळविण्यात येते", "विनंती करण्यात येते". बाकीच्या पोरांचे ब्लॉग शिवप्रसादनं उघडून दाखवले. सोलापूरच्या एका पोरीनं लिहिलं होतं की टँकरच्या रांगेत तिच्या आजीची चप्पल हरवली आणि म्हातारी अनवाणी घरी आली. वर्षाराणीनं ते दोनदा वाचलं.

मग मॅडमनी सरळच लिहिलं. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी त्या सगळ्यांचे ब्लॉग वाचून नावं नक्की करणार होत्या. "तोपर्यंत तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट लिही. एकच. नाहीतर मला तुला नेता येणार नाही."

पोरगी माझ्यावर उखडली. "काका, तुमी शिकवलं तसंच लिवतोय की मी."

"मग बरोबरच हाय."

"बरोबर असून जायला मिळणार न्हाय, त्याचं काय करू?"

मी काय सांगणार? फळ्याची रीत फळ्याची. मी काही ब्लॉगाचा मास्तर नव्हतो. मी म्हटलं, तुझं तू बघ. तेव्हापासून ती फळ्याकडं फिरकली नाही. फळ्यावर एकाच माणसाचं निधन चार दिवस राहिलं. पाचव्या दिवशी शिवप्रसाद धावत कट्ट्यावर आला, हातात छापलेला कागद. "जोतीमामा, बघा की. असलं लिवलंय, असलं लिवलंय." बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

आता ते वाचायच्या आधी तुम्हाला पाचच्या पुराचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. त्या पुरात आमच्या बोळात माणूस बुडेल एवढं पाणी होतं. आम्ही सगळे वरच्या अंगाच्या शाळेत. हंबीररावानं तालमीची पोरं घेऊन पेठेतली सगळी जनावरं टेकाडावर काढली. गुऱ्हाळात गूळ आटवायची मोठी काहील असते ना, ती होडीसारखी वल्हवत हा बाबा फिरत होता. पाणी ओसरल्यावर मी फळ्यावर लिहिलं, "वाघजाई तालमीने पेठेतील एकूण एक जनावर सुखरूप हलविले." त्यावर तालमीला जाहीर समारंभात सन्मानपत्र मिळालं. सयाजीनं ते काचेत घालून लावलंय, दारातच. एकूण एक नव्हतं, एक म्हैस गेली होती, हंबीररावाचीच. पण लिहिताना मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "माझी एक गेली ती कशाला लिवायची? लिव सगळी." मालकानं सांगितलं तसं मी लिहिलं. पुढं तो विषय आमच्या बोळात कुणी काढला नाही.

वर्षाराणीनं काढला. तिनं लिहिलं होतं ते असं.

"पुरात आम्ही शाळेत राहायला गेलो. माझ्या आबांनी सगळ्यांची जनावरं टेकाडावर नेली. आमची एक म्हैस दिवसांवर आली होती. तिला पाण्यातून चालवेना. म्हणून आबांनी तिला देवळाच्या उंच ओट्यावर बांधलं. तिथे आजवर कधी पाणी आलं नव्हतं. ती बुजून खाली उतरू नये म्हणून त्यांनी दाव्याला दुहेरी गाठ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी ओट्यावरून गेलं. आबा काहिलीतून तिकडे जाऊन आले. आईनं विचारलं, म्हैस कशी आहे? आबा म्हणाले, आलोच, वैरणीचं बघतो. मी घागर घेऊन शाळेच्या टाकीवर गेले. टाकीच्या मागे आबा उभे होते. भिंतीला डोकं टेकवून रडत होते. हातात दाव्याचा तुकडा होता. माझे आबा कुस्ती हरले तरी हसत घरी यायचे. मी घागर न भरताच परत फिरले. पाणी किती फूट चढलं ते सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र पूर म्हटलं की ती गाठ दिसते, घट्ट मारलेली, आणि मारणारे हात माझ्या बापाचे."

मी भडकलो. सरळ सांगतो, भडकलो. पैलवान माणूस, पेठेत ज्याच्या शब्दाला वजन, तो टाकीमागं रडला हे जगाला सांगायचं? आणि तेही पोटच्या पोरीनं? अर्धं आजही मला पटत नाही. पण हेही सांगतो की तो कागद मी पुन्हा पहिल्यापासनं वाचला.

सयाजीचं तर डोकंच फिरलं. त्याला हंबीररावाच्या रडण्याचं काही नव्हतं, त्याला काचेतल्या सन्मानपत्राची पडली होती. "फळ्यावर एकूण एक लिवलंय आन ही म्हणती एक बुडाली. तालीम खोटी पडली की. उद्या कुणी वाचलं तर?" तो शिवप्रसादला म्हणाला, पूस ते. शिवप्रसाद म्हणाला, पासवर्ड तिचा हाय, मी काय करू? सयाजीला हे पटेना. आमचा फळा ओल्या फडक्यानं पुसला की संपलं.

शनिवारी दुपारी मी आणि सयाजी कॅफेत गेलो. मॅडम संध्याकाळी वाचणार होत्या. वर्षाराणी खुर्चीत बसून होती, चेहरा उतरलेला. सयाजी म्हणाला, "हंबीरच्या कानावर जायच्या आत काढून टाक. दुसरं काहीतरी लिव. चप्पल हरवल्याचं लिव."

ती म्हणाली, "दुसरं आता व्हायचं न्हाय."

मी म्हटलं, "वर्षे, बापाची इज्जत हाय ती."

"म्हणूनच आबांस्नी बोलावलंय," ती म्हणाली. "त्यांनी पूस म्हटलं तर पुसतो. आसाम गेलं तर जाऊ दे. पण दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरनं पुसणार न्हाय."

आवाज बारीक होता, पण शब्द एकही अडखळला नाही. सयाजी माझ्याकडं बघायला लागला, मी पंख्याकडं. तेवढ्यात हंबीरराव आला. धारेच्या आधी आलेला, पायजमा गुडघ्यापर्यंत वर, अंगाला म्हशींचा वास. कॅफेतली कॉलेजची पोरं सरकून बसली. त्याला वाटलं होतं आसामाचा कागद आला असणार, म्हणून हसत आला होता. "कुठं हाय? दावा की."

वर्षाराणी उठली आणि खुर्ची त्याला दिली. तो बसला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, वाचायचा सावकाश. एकेका शब्दाखाली पडद्यावर बोट ठेवून ओठ हलवत वाचत गेला. शिवप्रसाद एरवी पडद्याला कुणी बोट लावलं की वस्कन ओरडतो, त्या दिवशी उलट त्यानं अक्षरं मोठी करून दिली. बोट ओट्यापाशी आलं, गाठीपाशी आलं. टाकीपाशी आलं आणि तिथंच थांबलं. शेवटपर्यंत वाचल्यावर तो पुन्हा टाकीपाशी आला.

मग मान न वळवता म्हणाला, "तू हुतीस तिथं?"

"व्हय."

"मला वाटलं कुणीच न्हाई."

"घागर घेऊन आलतो."

"मग मागारी का फिरलीस?"

"तुमास्नी आवडलं नसतं."

त्याचा तो बोळ दणाणून सोडणारा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. कॅफेत एवढी माणसं, पण बोलणं त्या दोघांचंच चाललं होतं. "दोन वरसं," तो म्हणाला. "दोन वरसं हे घिऊन फिरालीस व्हय तू? एकटीच?"

"तुमी पण एकटंच फिरत हुता की," ती म्हणाली.

सयाजीला राहवलं नाही. "हंबीर, सांग तिला पुसायला. तालमीचा प्रश्न हाय. सन्मानपत्राचं काय करायचं?"

हंबीरराव खुर्ची फिरवून त्याच्याकडं वळला. "गाठ कुणी मारलीती? तू?"

"न्हाय, पण..."

"मी मारलीती. रडलं कोण? मीच. मग तुझं काय जातंय, सयाजी? सन्मानपत्र परत मागायला कोण आलं तर दिऊन टाक. मी काचेचं पैसं भरतो."

सयाजी दाराकडं सरकला.

मग हंबीरराव पुन्हा पडद्याकडं वळला आणि पहिल्या ओळींवर बोट आपटलं. आता आवाज परत आला होता. "पर हे काय लिवलंयस? आमची एक म्हैस. एक म्हैस म्हणजे? नाव नव्हतं तिला? पाखरी म्हणून हाक मारली की बोळाच्या तोंडापासनं पळत यायची. नाव घाल. लिवायचंच तर नाव घालून लिव."

वर्षाराणीनं उभ्यानंच कीबोर्ड ओढला. "एक म्हैस" होतं तिथं "पाखरी" आलं. हंबीररावानं ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि म्हणाला, "हां." मग उठला. धारेची वेळ झाली होती, म्हशी थांबत नाहीत. जाताना पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, तो एवढा जड हात, आणि तसाच थोडा वेळ ठेवून दिला.

सोमवारी शिवप्रसादच्या फोनवर पुण्याहून फोन आला. सात नावांत आमच्या पोरीचं नाव होतं. मॅडमनी तिला फोनवरच सांगितलं की तिकडच्या काठावर जनावरं गमावलेली माणसं भेटतील, त्यांच्याशी बोलायचं काम तुझं. शिवप्रसादनं आनंदाच्या भरात कॅफेतल्या सगळ्यांच्या वेळेचे पैसे माफ करून टाकले. मी बोळातनं घरी येताना दोनदा वाट चुकलो, जन्म गेलेल्या बोळात. अभिमान म्हणतात तो हाच असणार. माझी कुणी नव्हे ती, भिंतीपलीकडची पोर. पण मला वाटलं, जोतीराम, तुझा खडू पार कुठल्या कुठं पोचला. मी शिकवलेलं तिनं मोडलं म्हणून तो पोचला, हे मला कळतं. कुणी तोंडावर बोलून दाखवू नये एवढंच.

मे महिन्यात ती निघाली. स्टेशनावर निम्मी पेठ. सयाजीसुद्धा हार घेऊन आला होता, पुण्याच्या गाडीत चढणाऱ्या पोरीच्या गळ्यात मावणार नाही एवढा मोठा. बनाबाईनं डबा दिला, शेंगदाण्याची चटणी वेगळी बांधून दिली. वर्षाराणी खिडकीशी बसली. हंबीरराव बाहेरनं खिडकीचे गज धरून उभा, सारखं विचारतोय, पाणी घेतलंस काय, तिकीट कुठं ठेवलंस. गाडी हलली. हा माणूस गज सोडीना, बरोबर चालायला लागला. आणि चालता चालता रडायला लागला. मागं नाही, आडोशाला नाही, सगळ्या पेठेसमोर, फलाटाच्या मधोमध, भोकाड पसरून. कुणी हसलं नाही. सयाजीनं टोपी काढून हातात घेतली.

वर्षाराणी खिडकीतनं ओरडून म्हणाली, "आबा, हे पण लिवणार हाय मी."

गाडीचा वेग वाढला होता. हंबीररावानं गज सोडला, बाहीनं तोंड पुसलं आणि आपल्या त्या आवाजात, पार इंजिनापर्यंत जाईल असा, ओरडला, "लिव की. माझं नाव घालून लिव."